मडगार्डवरची टकटक

गाडीचं बोनेट वर केलं, की आत बसलेल्याला पुढचं काही दिसत नाही. इंजिन चालू असलं, की हाकही ऐकू येत नाही. म्हणून माझ्या यजमानांनी, शंकररावांनी, एक खूण ठरवली होती. लांब पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावत ते बाहेर उभे राहत. मी आत बसे. मडगार्डवर एकदा टक झालं, की रेस वाढवायची. दोनदा झालं, की चावी बंद. कुळगावातल्या आमच्या पत्र्याच्या शेडखाली कितीतरी रविवार असेच गेले. एरवी आम्ही दोघं फारसं बोलत नसू.

हे गेल्यावरही मी दर रविवारी जुनी फियाट चालू करत राहिले. दिवाळीत मुलगा, राजरत्न, पुण्याहून आला, आणि बापाच्या गाडीची माया म्हणून महागातलं पातळ ऑइल घालून गेला. तेव्हापासून ती खडखडायला लागली.

"आई, मेकॅनिक म्हणाला इंजिन गेलं, तर भंगारात देऊ," तो फोनवर म्हणाला. "एकटी तू, कशाला ते लोढणं?"

त्या घरात माझ्याखेरीज आवाज करणारं तेवढंच उरलं होतं.

शिवमंदिराजवळच्या गॅरेजातून अल्पेश आला. चाळिशीचा, तोंडात कायम बडीशेप. बराच वेळ कान देऊन उभा राहिला.

"बेरिंग नाय काकी. बेरिंग जड ठोकतं, लोड घेतला की. हे वरचं टिकटिकतंय, टॅपेट. झिजलेली मशीन, तिला जाडं ऑइल पायजे, ट्वेंटी-फिफ्टी. ढिल्या बुटाला मोजा जाड लागतो ना, तसं."

"म्हणजे गेली नाही ना रे?"

"कुठे जातेय? मला पोचवून जाईल ही." तो हसला. "गरम झालं की जुनं ऑइल पूर्ण निथळतं. चालूच ठेवा, मी नाक्यावरून डबा घेऊन येतो."

बोनेट उघडंच ठेवून तो गेला.

मी आत बसले. दुपारचा पत्रा तापला होता. सोनिवलीकडच्या बांधकामांची धूळ काचेवर बसली होती. बोनेटखालच्या बारक्या फटीतून समोरच्या पांढऱ्या भिंतीची पट्टी दिसत होती. खडखड एकसारखी चालली होती.

टक.

टॅपेट असेल, मी म्हटलं. पण पाय आपसूक दाबला गेला होता.

टक, टक.

मी चावी बंद केली.

"बंद का केली काकी?" आवाज मागून आला. अल्पेश डबा घेऊन फाटकातून आत शिरत होता.

"तूच ठोकलंस ना?"

"मी? मी तर आत्ता येतोय." पुढे जाऊन त्याने इंजिनाला हात लावून पाहिला. "पण बरोब्बर वेळेला बंद केलीत. एवढंच गरम पायजे होतं."

जाडं ऑइल आत गेलं आणि खडखड थांबली. अल्पेशने माझ्यासमोरच राजरत्नला फोन लावला. "मशीन एकदम लोणी. भंगाराचं नावच काढू नका." गाडी राहिली.

त्यानंतर मी बोनेट वर करूनच बसू लागले. इंजिन इतकं हळू चाले, की मला माझा श्वास ऐकू येई. बाकी काही नाही.

गेल्या रविवारीही मी खूप वाट पाहिली. शेवटी गाडी बंद केली. चावी काढून मुठीत घेतली. उतरायला दार उघडणार, तोच फटीतली पांढरी भिंत दिसेनाशी झाली. कोणीतरी मध्ये उभं राहावं तशी.

टक.

मी थांबले. दुसरं टक आलं नाही.

एकदा, म्हणजे रेस वाढव.

मुठीतली चावी तळव्याला रुतत होती. मी पाय दाबला.

रेस वाढली.