रोजचं बदलापूर रिटर्न

"परीक्षेची फी इथेच भरतात का?"

कन्सेशनच्या रांगेत माझ्या मागे उभ्या असलेल्या मुलाने हे विचारलं आणि मी वळून पाहिलं. उंच, सावळा, शर्टाची वरची दोन बटणं चुकीच्या काजात लावलेली. ही कन्सेशनची रांग आहे, असं मी त्याला सांगितलं. त्याचा चेहरा कोराच राहिला, तेव्हा मला शंका आली. मी विचारलं, तू कॉलेजला येतोस कसा? रोज तिकीट काढून येतो, असं तो अगदी शांतपणे म्हणाला.

रोज. तिकीट. काढून. मला भर जुलैत चक्कर यायची बाकी होती.

आमच्या टी. वाय. च्या वर्गात मला सगळे 'कन्सेशनवाली' म्हणत आणि मला त्याचा अभिमान होता. कॉलेज एक फॉर्म देतं, तो रेल्वेच्या खिडकीवर दिला की विद्यार्थ्याला पास निम्म्या पैशांत मिळतो, आणि महिन्याच्या पासापेक्षा तीन महिन्यांचा क्वार्टरली स्वस्त पडतो, हे मी उल्हासनगरातल्या निदान पन्नास पोरांना तरी समजावलं असेल. पप्पा ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झाले, अंबरनाथचं क्वार्टर सुटलं आणि आम्ही बदलापूरला वन-रूम-किचन घेतलं. तेव्हापासून आमच्या घरात पैसा जपूनच बाहेर पडायचा. त्यात मला कधी लाज वाटली नाही. दाल-पकवानवाल्या काकांशीसुद्धा मी घासाघीस करायचे आणि ते हसत हसत पकवानचा एक तुकडा वर द्यायचे.

तर त्या मुलाला मी बाजूला घेऊन सगळं सांगितलं. फॉर्म कुठे मिळतो, शिक्का कोण मारतं, किती दिवसांत पास काढावा लागतो. तो ऐकत होता, म्हणजे माझ्याकडे बघत होता. मग त्याने विचारलं, "तू कुठून येतेस?"

"बदलापूर."

"अरे… मी पण." क्षणभर थांबून तो म्हणाला, "सोनिवली."

नाव अभिजीत. आमच्याच वर्गात नवा आला होता. दुपारी उल्हासनगर स्टेशनच्या बाकावर तो पुन्हा भेटला, कर्जत लोकल आली, डबा निम्मा रिकामा होता आणि त्याने खिडकीची जागा मला दिली. वाटेतलं अंबरनाथ मागे गेल्यावर तो फारच गप्प झाला आणि सारखा दाराकडे बघू लागला. मी माझंच तुणतुणं वाजवत होते. बचत वेगळी आणि विदाऊट तिकीट जाणं वेगळं, विदाऊट जाणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो, असं काहीतरी मी त्याला ठणकावून सांगितलं. तो मान हलवत होता. त्याला घाम आला होता. मला वाटलं, उकडतंय.

त्यानंतर दुपारची ती गाडी आमचीच झाली. सकाळी तो लायब्ररीत बसायला म्हणून आधीच्या गाडीने जायचा, पण परत येताना आम्ही बरोबर. बदलापूरला उतरलं की पुलावर आमच्या वाटा वेगळ्या व्हायच्या. मी पूर्वेला, तो पश्चिमेला. पंधरा-वीस मिनिटांचा प्रवास तो काय! पण मी दिवसभरातल्या गोष्टी त्याच्यासाठी साठवून ठेवायला लागले होते. तो कमी बोलायचा. शेंगा सोलून दाणे माझ्या हातावर ठेवायचा, स्वतः मात्र चुकून एखादा खायचा. खिडकीतून ऊन माझ्या तोंडावर आलं की काही न बोलता पुस्तक आडवं धरायचा. ऊन सरकायचं तसं पुस्तक सरकायचं. आणि मी… मी गाडी उशिरा यावी म्हणून मनातल्या मनात प्रार्थना करायचे. गाडीने आमचं ऐकलं की आम्ही दोघंही रेल्वेला नावं ठेवायचो, अगदी एका सुरात.

एकच गोष्ट मला खटकायची. त्याच्या चपला. तळ झिजून पार कागद झालेले, आणि पायावर कायम लाल धूळ. "सोनिवलीला शेअर रिक्षा जाते की," मी एकदा म्हटलं. "चालत कशाला मरतोस?"

"पैसे वाचतात," तो म्हणाला.

"वा," मी म्हटलं, "माझा चेला शोभतोस खरा." तो इतका गोड हसला, की मला पुढचं वाक्यच सुचेना. असं माझ्या आयुष्यात क्वचितच होतं.

फेब्रुवारीत पुण्याहून कुमुदिनी मावशीचा फोन आला. तिच्या ओळखीच्या पतसंस्थेत जागा होती. परीक्षा झाली की रुजू व्हायचं, राहायला तिचंच घर, खर्च शून्य. शनिवारपर्यंत हो की नाही ते कळवा, म्हणाली. पप्पांनी निर्णय माझ्यावर सोडला. आई म्हणाली, भाड्याचे पैसे वाचतील. आणि मी, यशोधरा भीमराव, बचतीचं नाव काढलं की जिचे डोळे चमकतात ती मी, दोन रात्री या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले. परीक्षा संपली की पास संपणार, पास संपला की दुपारची गाडी संपणार. त्याने एक शब्द बोलावा, एवढंच मला हवं होतं. मग पुणे गेलं उडत.

गुरुवारी बाकावर बसल्यावर मी त्याला सांगितलं. अगदी सहज, नोट्सबद्दल सांगावं तसं. तो शेंगांची पुडी सोडायला लागला.

"चांगली नोकरी आहे," तो म्हणाला. "खर्च पण नाही…"

त्या दिवशी मी शेंगा खाल्ल्या नाहीत. शुक्रवारी मुद्दाम लेडीज डब्यात चढले आणि दार अडवून उभी राहिले, वाऱ्याने डोळ्यांत पाणी येतं म्हणून. शनिवारी मात्र मी त्याच्याच डब्यात बसले. शेवटचा दिवस होता ना. संध्याकाळी पप्पा मावशीला फोन करणार होते. उन्हासाठी त्याने पुस्तक धरलं, मी ते हाताने खाली केलं.

बदलापूरला पुलाच्या पायऱ्यांशी टी.सी. उभा होता. मी नेहमीच्या रुबाबात पास दाखवला. अभिजीतने खिशातून पास काढला, आणि त्यामागून एक तिकीट. टी.सी.ने तिकडे धड पाहिलंसुद्धा नाही.

"तुझं राहू दे रे, तुझं रोजच असतं," तो म्हणाला आणि माझ्याकडे वळला. चष्मा कपाळावर सरकवून त्याने मला नीट न्याहाळलं. "पोरी, ह्याला एकदा विचार. पास अंबरनाथपर्यंतचा. पुढचं रिटर्न तिकीट रोज वेगळं काढतो. इथे उतरतो, पुलावर उभा राहतो. तू त्या मेडिकलच्या कोपऱ्यावर दिसेनाशी झालीस की खाली येतो आणि मिळेल त्या गाडीने परत जातो. मला आधी वाटलं पाकीटमार आहे."

मागून आलेल्या लोकांचे पास बघायला तो वळला. मी अभिजीतकडे वळले. त्याचे कान लाल झाले होते.

"राहायला कुठे आहेस तू?"

"पालेगाव."

पालेगाव म्हणजे अंबरनाथ पूर्व. माझ्या डोळ्यांसमोरून ती लाल धूळ गेली, त्या चपला गेल्या. डोक्यात हिशोब आपोआप सुरू झाला, ती सवय काही जाता जात नाही. रोजचे आठ रुपये, जुलैपासून. तेवढ्यात आम्हा दोघांचे वर्षभराचे पास निघाले असते. आणि ते आठ रुपये भरून काढायला हा माणूस पालेगाव ते अंबरनाथ स्टेशन उन्हातान्हात पायी येत-जात होता.

"खोटं का बोललास?" माझा आवाज चढला होता.

"तू बदलापूर म्हणालीस… आणि तोंडातून निघून गेलं. दुपारी गाडीत अंबरनाथ आलं, तू बोलत होतीस, मला उठवलंच नाही. पहिल्या दिवशी अंबरनाथच्या पुढे विदाऊट होतो. आणि तू विदाऊटवाल्यांवरच सुरू झालीस."

"आणि गुरुवारी? चांगली नोकरी आहे म्हणालास ते?"

"पहिल्या दिवसापासून खोटं बोलत आलोय. मग कुठल्या तोंडाने थांब म्हणू?" तो कठड्याला टेकला. मग खाली रुळांकडे बघत, पण अगदी स्पष्ट म्हणाला, "जाऊ नकोस पुण्याला."

"का?"

"रोज पुण्याला यायला मला परवडणार नाही."

मी हसले, आणि हसता हसता रडायलाच लागले. लोक जाता-येता बघत होते, बघू देत. हा पुण्यालासुद्धा आला असता. कॉलर पकडून विचारलं असतं तरी सांगितलं नसतं, आला मात्र नक्की असता.

"मूर्ख आहेस," मी म्हटलं. "रोज आठ रुपये घालवण्यापेक्षा पहिल्याच दिवशी फुकटात सांगायचं होतंस की मी आवडते. मला तू आवडतोस, हे बघ, एक पैसा लागला नाही."

आता तो हसला. पण माझं हसू थांबलं, कारण पालेगाव म्हणजे काय हेही मला कळत होतं. गावातली शेती, घरात त्याचे वडील आण्णा, देव्हाऱ्यात कुलदैवत. आमच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. मी ते त्याला तसंच विचारलं, आडवळण न घेता. मी कोणाच्या घरची आहे, हे तुझ्या घरी चालेल का?

"आईला सगळं सांगितलंय," तो म्हणाला. "तुझं नाव, तुझं घर, सगळं. गुरुवारी रात्रीच. काल दिवसभर ती बोलली नाही माझ्याशी. आज सकाळी डबा देताना म्हणाली, घेऊन तर ये, बघू दे मला."

"आणि आण्णा?"

"आण्णांना ती सांगेल. नाही सांगितलं तर मी सांगेन."

इतकी वाक्यं सलग बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकत होते. त्याचा हात कठड्यावर होता, मी माझा त्यावर ठेवला. तो गरम होता. खाली अंबरनाथकडे जाणारी गाडी येत होती.

"चल," मी म्हटलं. "माझा पास अंबरनाथला चालतो."

अंबरनाथला उतरल्यावर स्टेशनबाहेरच्या लाल डब्यात रुपया टाकून मी घरी फोन लावला. आईने उचलला. मला उशीर होईल, जेवायला थांबू नका, असं सांगितलं. मग म्हटलं, "आणि पप्पांना सांग, मावशीला नाही म्हणून कळवा. का, ते मी घरी येऊन सांगते. दोघांनाही."

आई म्हणाली, "बरं. सावकाश ये."

मी वळले तर अभिजीत सवयीने चालायला लागला होता. मी त्याची बाही धरून त्याला थांबवलं आणि रिक्षावाल्याला पालेगाव विचारलं. तो म्हणाला, अजून दोन सीट भरू द्या, मग सोडतो.

"शेअर नको," मी म्हटलं. "स्पेशल."

रिक्षावाल्याने जो आकडा सांगितला तो सरळसरळ लूट होती. अभिजीतने माझ्याकडे पाहिलं. आता ही कमरेवर हात ठेवणार, म्हणून तो वाट बघत होता. मी ओढणी सारखी केली, विस्कटलेले केस कानामागे घेतले, आणि एक शब्द न बोलता आत जाऊन बसले.