फ्लोरिपिसची अक्षरं

जुरेमा धापा टाकत इरासिल्दाच्या दारात आली, तेव्हा दुपारचा पाऊस नुकताच थांबला होता. इरासिल्दा ब्राझीलमधल्या बेलेम शहरात खासगी तपासाची कामं करायची. तिचा धाकटा दीर बेने टॅक्सी चालवायचा आणि वहिनीच्या हातचं जेवून तिथेच पेंगायचा. तो दचकून उठला.

जुरेमा दूरच्या कुरितिबा शहरातली चित्रकार. बेलेमची ही तिची चौथी खेप. गल्लीतल्या कुत्र्यांनीही आता तिच्यावर भुंकणं सोडलं होतं. नदीतल्या बोटींवर नक्षीदार अक्षरांत नावं रंगवतात, त्यांचा ती अभ्यास करत होती. दोन वर्षांपूर्वी वारलेल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी लिहिलेली पाच नावं तिने बटर पेपरवर जशीच्या तशी, त्याच मापात उतरवली होती. पाच गुंडाळ्या, प्रत्येकीला मेणकापडाचं वेष्टन. त्यांतली एक नाहीशी झाली होती.

"फ्लोरिपिसची," ती रडवेली होऊन म्हणाली. "ती बोट मोडीत निघाली. मिस्त्रींची ती अक्षरं आता फक्त त्या कागदावर होती."

तिची खोली पुढच्याच गल्लीत होती. अंगणातल्या टेबलावर गुंडाळ्या ठेवून ती कोपऱ्यावर जेवायला गेली आणि पावसात अडकली. इरासिल्दाने टेबल पाहिलं. सगळं निथळत होतं. चार गुंडाळ्यांच्या शेजारी मात्र हातभर लांबीची एक कोरडी पट्टी होती. मग ती पायऱ्यांशी थांबली. तिथे उघड्यावर आंब्यांची टोपली होती, वर वर्तमानपत्र. तिने कागदाचा कोपरा उचलला. तो कुरकुरीत वाजला.

"आंबे ओलावोने ठेवले असणार," जुरेमा म्हणाली. "दर आठवड्याला आणतो."

घरमालकीण शेजारणीकडे गेली होती. अंगणभर कागदांचा पसारा बघून आपलं डोकं उठतं, हे तिने लपवलं नाही. अन्सेल्मो हा मिस्त्रींचा शिष्य. आपल्या गुरूची अक्षरं बाहेरगावची बाई घेऊन जाते, याचा त्याला राग होता, तोही त्याने लपवला नाही. जाब विचारायला तो आला होता खरा, पण ढग भरून येताच परतला आणि पावसात त्याच्या दुकानात चार गिऱ्हाइकं बसली होती.

ओलावो धक्क्यावर आंबे विकताना सापडला. जुनी बोट मोडीत काढून तो नवी बांधून घेत होता. आपण पावसाआधीच टोपली ठेवून निघालो, असं त्याने सांगितलं. घरी सगळं ठीक ना, असं इरासिल्दाने विचारलं, तर तो आंबे पुसत बसला. तीन महिने आई बोलत नाही, एवढंच पुटपुटला.

"वहिनी, अन्सेल्मोच तो," टॅक्सीत बसता बसता बेने म्हणाला. "त्याचा चेहराच सांगतो."

"भावजी, चेहऱ्यावरून चोर पकडता आला असता, तर तुम्ही कधीच आत असता. जुरेमा, अन्सेल्मो आणि मालकीणबाई, तिघांना घ्या बरोबर. ओलावोच्या बोटीच्या शेडवर चला."

ऊन कलत होतं. शेडमध्ये नवी कोरी बोट उभी होती. तिच्या नाकावर बटर पेपर चिकटवलेला आणि त्याच्यासमोर हातात ब्रश घेऊन ओलावो थिजल्यासारखा बसलेला. ब्रश कोरडाच होता.

"गुंडाळीखाली टेबल कोरडं होतं," इरासिल्दा म्हणाली. "म्हणजे ती पाऊसभर तिथेच होती, नंतर उचलली. अन्सेल्मो त्याआधीच गेला होता. मालकीणबाईंना पसारा नकोसा झाला असता, तर पाचही गेल्या असत्या. नेणाऱ्याला अक्षरं नको होती, एक नाव हवं होतं. आणि ओलावो, तुझी टोपली पावसाआधीची असती, तर त्या वर्तमानपत्राचा लगदा झाला असता."

"पण मागायचं नाही का?" जुरेमा म्हणाली.

ओलावोने मान खाली घातली. "कुठल्या तोंडाने? बोट मोडताना ती नावाची फळी तरी ठेव, म्हणून तुम्ही हात जोडले होते. मी हसलो आणि चुलीत घातली. आईचं नाव होतं ते. त्या दिवसापासून तिने माझ्याशी अबोला धरलाय. उद्या तिला पंच्याऐंशी वर्षं पूर्ण होतात. रंगवून रात्रीच परत ठेवणार होतो. पण हातच धजेना."

मग जुरेमाला हसू फुटलं. चार खेपा तिने ही अक्षरं नुसती कागदावर जपली होती. बोटीवर कधी लिहिली नव्हती. तिने बाह्या सरसावल्या. अन्सेल्मो बराच वेळ तिचा हात बघत राहिला.

"बाई, असा नाही धरायचा," अखेर तो म्हणाला आणि तिच्या बोटांत ब्रश नीट बसवून दिला. "मिस्त्री मनगट टेकवायचे." दोघं अंधार पडेपर्यंत रंगवत होती. बेनेला निळ्या रंगाचा डबा धरायचं काम मिळालं.

सकाळी बेनेनेच म्हातारीला टॅक्सीतून आणलं. फ्लोरिपिसला वाचता येत नव्हतं. ती बोटीसमोर उभी राहिली, पहिल्या अक्षराच्या शेपटापासून शेवटच्या वळणापर्यंत तिने हवेत बोट फिरवलं.

म्हातारी मुलाकडे वळली.

"किती वाळलायस," ती म्हणाली. "जेवलास का काही?"