दुरुस्त केलेला शोक

रत्नागिरीच्या रंगगृहातला प्रयोग संपला आणि चारशे प्रेक्षकांनी डोळ्यांवरचे, आभासी दृश्यं दाखवणारे चष्मे काढले. सगळ्यांचे चेहरे प्रसन्न होते. ते पाहून शाल्मली केंकरे चक्रावली. तिने तर त्यांना शोक दाखवला होता.

शाल्मली दृश्यराग रचायची. दृश्यराग म्हणजे डोळ्यांनी ऐकायचं संगीत. त्यात आवाज मुळीच नाही. स्वरांच्या जागी रंग, तालाच्या जागी हालचाल आणि प्रेक्षक त्या रंगांच्या आत उभा. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या भावासाठी, मकरंदसाठी, ती ही कला शिकली. मकरंद गेल्या वर्षी वारला. आजची रचना त्याच्या जाण्याची होती. अकरा महिने खपून केलेली, राखाडी, अडखळत जाऊन मध्येच तुटणारी.

"काय सुंदर गं!" आई बाहेर येत म्हणाली. "शेवटी सगळीकडे सोनेरी झालं. वाटलं, मकू हसतोय."

शाल्मलीने सोनेरी रंग वापरलाच नव्हता.

ती तडक डॉ. मुजावरांच्या खोलीत गेली. रंगगृहाची यंत्रणा त्यांचीच.

"अनुनादक बसवलाय या महिन्यापासून," ते म्हणाले. "चष्मा प्रेक्षकाच्या मेंदूतल्या लहरी वाचतो. त्रास वाढला की रंग बदलतो, सुख वाटलं की तेच पुढे नेतो. ज्याला त्याला त्याच्या मनाजोगता राग."

"मग माझा राग कोणी पाहिला?"

"तसा... कोणीच नाही. पण शाल्मलीताई, पूर्वी निम्मे लोक मध्येच उठून जायचे."

"आईपुरता अनुनादक बंद करा. एकदाच."

दुसऱ्या दिवशी सकाळी रिकाम्या रंगगृहात आईने चष्मा लावला. शाल्मली तिचा हात धरून बसली. थोड्या वेळाने आईची बोटं आवळली गेली, श्वास जड झाला. शाल्मलीला रडू आलं. वर्षभरात पहिल्यांदाच दोघी एका दुःखात शेजारी बसल्या होत्या.

चौथ्याच मिनिटाला आईने चष्मा ओढून काढला.

"हे कोणाचं गं?"

"माझं, आई. मकरंदसाठी केलेलं."

"काहीतरीच! तुझं मी काल पाहिलं ना. त्याच्यासाठी तू असलं कशाला करशील?" तिने डोळे पुसले. "तुझं लाव बाई."

शाल्मलीने आईचा हात सोडला. मग तिने यंत्रणेपाशी थांबलेल्या मुजावरांना अनुनादक सुरू करायची खूण केली.

आईने चष्मा चढवला. हळूहळू तिचा चेहरा उजळला.

"हं," ती म्हणाली, "हे तुझं."