घड्याळाने चढवलेलं वय

बर्फ वितळून वाट निसरडी झाली होती. ओउलू शहराजवळच्या जंगलात धावता धावता एस्को वळणावर घसरला, आणि समोरून येणाऱ्या बाईने पटकन त्याचा दंड धरला.

"अहो, सांभाळून! वय काय तुमचं?"

"त्रेसष्ट. पण हे नाडी मोजणारं घड्याळ म्हणतं, शरीराचं वय पन्नास."

"मजा आहे! माझं घड्याळ मला माझ्या आईच्या वयाची समजतं."

तिचं नाव तुइरे. आरोग्य केंद्रात परिचारिका. तेव्हापासून दोघं बरोबर धावू लागले. ती हळू धावायची, मग एस्कोही हळू. नंतर बाकावर बसून थर्मासमधली कॉफी. बायको, आइला, गेल्यापासून तो इतकं कुणाशी बोलला नव्हता.

पण घड्याळातलं वय चढायला लागलं. पन्नासाचं चोपन्न झालं, मग साठ. आइलाचं हृदय असंच, काही न सांगता थांबलं होतं. डॉक्टर म्हणाले, "ठणठणीत आहात." एस्कोला ते पटेना.

"तुइरे," एक दिवस तो बाकावर म्हणाला, "मी उद्यापासून... येणार नाही. माझं काही खरं नाही."

तिने कॉफीचा कप बाकावर ठेवला. मग म्हणाली, "आणा ते घड्याळ इकडे."

बराच वेळ ती आकडे बघत राहिली.

"याला तुमच्या आतलं काही दिसत नाही हो. वेग किती, नाडी किती, एवढं ताडून ते अंदाज बांधतं. हळू धावताना नाडी जोरात, म्हणजे त्याला वाटतं, गडी थकला. पण हे बघा, एकटे धावलात तेव्हा नाडी शांत. आणि माझ्याबरोबर असलात की—"

ती थांबली. तिचे कान लाल झाले होते.

एस्को आपल्या चिखलभरल्या बुटांकडे बघत राहिला.

"आइला गेली तेव्हा वाटलं, हे हृदय आता नुसतं चालेल. धडधडणार नाही." त्याने बुटाचा चिखल बाकाच्या पायाला पुसला. "मला अपराधी वाटतं, तुइरे... आणि बरंही वाटतं."

"मी काही मागितलंय का तुमच्याकडे?"

"नाही. मीच मागतोय."

तिने घड्याळ परत त्याच्या मनगटावर बांधलं, आणि हात तिथेच राहू दिला.

"हे तुम्हाला सत्तरीचं करून सोडेल हं."

"करू दे. तू सावकाशच धाव," एस्को म्हणाला. "मला कुठे पोचायची घाई आहे?"