गोजराची पात

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण हे घडलेलं आहे. साल १९७४. रिसोड तालुक्यातलं रिठद. रात्र नव्हती, अमावस्याही नव्हती. पौषातली लख्ख उन्हाची दुपार होती.

तुळसाबाई आणि तिची धाकटी जाऊ गोजरा कांद्याचं निंदण करत होत्या. दोघींनी शेजारी शेजारी पात धरली होती. आपापल्या पट्ट्यातलं तण काढत पुढं सरकायचं. तुळसाबाईचा हात भारी चपळ, जीभ त्याहून चपळ. निंदताना मान वर करणारी बाई तिला खपायची नाही.

गोजरा घागर घेऊन कपाशीच्या पऱ्हाटीपलीकडच्या विहिरीवर गेली.

थोड्या वेळानं शेजारी खुरपं चालू लागलं...

तुळसाबाईनं सासूची गाऱ्हाणी पुढं सुरू केली. जाताना गोजराच्या अंगावर पिवळं लुगडं होतं. आता डोळ्याच्या कोपऱ्यात काळपट दिसत होतं. घागर नव्हती. बांगड्या वाजत नव्हत्या... सगळं समोर होतं, पण तिच्या ध्यानातच आलं नाही.

"बाई, माह्याकडं पाह्य ना."

"हात चालव. पात मांगं राह्यते."

पुन्हा तेच. आवाज आणखी बारीक...

तुळसाबाई हसली. तोंड नवऱ्याला दाखव म्हणाली, मला कशाला.

मग शेजारून शब्द आला नाही. खुरपं तेवढं चालू राहिलं.

ऊन उतरल्यावर गोजराचा नवरा चंपत बांधावर आला.

"वहिनी, गोजरा कुठी हाय?"

"हे काय, माह्या बाजूले."

तिनं वळून पाहिलं...

कुणीच नव्हतं.

पात मात्र शेवटपर्यंत स्वच्छ निंदलेली. माती ओली.

गोजरा विहिरीत सापडली. बोटं दगडांच्या कपारीत रुतलेली, नखं उललेली. अंग अजून ताठलंही नव्हतं. काढणारे म्हणाले, बिचारी लय वेळ धरून होती.

मीच मारली तिला, असं म्हणत तुळसाबाईनं ऊर बडवला. दुःखानं बडबडते, असं समजून बायांनी तिला घरी नेलं.

आता ती म्हातारी झाली आहे. पात कोणी निंदली, हे ती कोणाला विचारत नाही. तिला छळतं ते वेगळंच. दुपारभर शेजारी जी बसली होती, तिचं तोंड गोजराचंच होतं का... हे तिला सांगता येत नाही.

तिनं एकदाही पाहिलं नव्हतं.