लागलं

गहिनीनाथ दूध संस्थेत माप घ्यायला होता. सोळा वर्षं दुधात काचेची नळी बुडवून त्यानं गावाचं खरंखोटं केलेलं. त्यामुळं डोळ्यांना दिसल्याशिवाय आणि आकड्यात बसल्याशिवाय त्याचा कशावर विश्वास बसत नसे. गावात कुणाला बोअर घ्यायचा असला, की पाणाडी यायचा, तळहातावर नारळ आडवा ठेवून रानात फिरायचा, आणि गहिनीनाथ बांधावर उभा राहून हसायचा.

दोन हजार बाराचा पावसाळा कोरडा गेला. आष्टी तालुक्यातल्या हिवरदऱ्यात पौषातच विहिरींचे तळ उघडे पडले. मग संस्थेनंच माळावर जनावरांची छावणी घातली. सहाशे जनावरं, आणि त्यांच्यामागं आलेली माणसं कुडाच्या खोपटांत. गहिनीनाथची बायको सत्यभामा दोन गायी आणि एक म्हैस घेऊन तिथंच मुक्कामाला गेली. धाकटी जाऊ छबुबाई शेजारच्या खोपटात होती. टँकर एक दिवसाआड यायचा. तो चुकला, की छावणी अशी हंबरायची की गावात बसलेल्या माणसाला घास गिळवत नसे.

माघातल्या एका सकाळी सत्यभामा उसाच्या वाढ्याचा भारा डोक्यावर घेऊन येत होती. छावणीच्या मागं चुनखडीचा पांढरा उतार होता. तिथं तिनं एकाएकी भारा टाकला आणि दोन्ही हातांनी डोकं धरून खाली बसली. छबुबाईची हाक ऐकून गहिनीनाथ धावला.

"काय झालं गं?"

"कुणी कुऱ्हाड घातली," ती म्हणाली. "मागनं."

मागं कुणी नव्हतं. नुसता उतार, आणि त्यावर पडलेलं ऊन. तिला उलटी झाली, अंग घामानं भिजलं. पाव तासानं दुखणं उतरलं. गहिनीनाथनं डोक्याला फडकं बांधलं, एक गोळी दिली आणि उपाशीपोटी उन्हात फिरल्याचं निदान केलं.

तिसऱ्या दिवशी ती पुन्हा तिथंच बसली. पाचव्या दिवशीही तिथंच. मग त्यानं स्वतः तिचा हात धरून तिला त्या उतारावरून नेलं. एका जागी तिचा चेहरा राखेसारखा झाला. दोन पावलं बाजूला घेतल्यावर रंग परत आला. तो हसला नाही.

"भावजी, तिथं खाली पाणी हाय," छबुबाई म्हणाली.

त्याआधी छावणीत तीन बोअर घेतले होते, तिन्हींतून नुसता कोरडा फुफाटाच निघाला. संस्थेचे चेअरमन मोहनराव यांनी दुसऱ्याच दिवशी बोअरची गाडी त्या उतारावर उभी केली. सत्यभामा तेव्हा छावणीत नव्हती. ती घर सारवायला गावात गेली होती, कोसभर लांब. गहिनीनाथ गाडीजवळ उभा होता. आधी पांढरी धूळ उडाली, मग राखाडी चिखल आला, आणि एकदम पाण्याचा फवारा अंगावर आला. त्यानं सवयीनं घड्याळ बघितलं. चार वाजून दहा मिनिटं.

बातमी सांगायला तो पळतच घरी गेला. सत्यभामा उंबऱ्यात आडवी पडली होती. सारवणाचा हात तसाच वाळलेला. डाव्या डोळ्याची पापणी अर्धी खाली आलेली.

"कवापासनं पडलीस अशी?"

"चार-दहाची यष्टी वळाली न्हाई का, तवा."

तो तिच्याजवळ बसला. ती म्हणाली, "आवो, हे माझं दुखणं न्हाई वाटत मला."

"मंग कुणाचं?"

"खाली काईतरी निजलंय. लई मोठं. मी वर पाय दिला, की ते कूस बदलतं. आज तुमी त्याला भोक पाडलं. त्याला लागलं, तेच मला लागलं."

तापात माणूस बडबडतं, तसं हे असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. पण तिला ताप नव्हता. दवाखान्यात न्यायचं त्याच्या मनात आलं होतं. पण दुसऱ्या दिवशी बायका आल्या, त्यांनी तिची ओटी भरली, हळदीकुंकू लावलं. त्याच्या पुढच्या दिवशी दुधाचा टँकर लवकर आला. मग गाय व्यायली. सत्यभामा काम करत होती, बोलत होती. फक्त उजेड सोसत नाही म्हणून पदर डोळ्यांवर ओढून बसायची, आणि धार काढताना तिला मान खाली घालता येत नव्हती. म्हशीजवळ ती आंधळ्यासारखी समोर तोंड करून ताठ बसायची. हे सगळं तो बघत होता. असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी त्यानं तिला आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टरीण तरुण होती. तिनं सत्यभामेची मान हलवून बघितली, बॅटरी डोळ्यांत मारली आणि हातातलं पेन खाली ठेवलं.

"काका, किती दिवस झाले?"

"पापणी पडून अकरा झाले. डोकं त्याच्या आधीपासनं."

डॉक्टरीण खुर्ची जवळ ओढून बसली. मग हळू आवाजात म्हणाली, "नेहमीचं डोकं दुखणं चढत चढत येतं. हे एका क्षणात, घाव घातल्यासारखं आलंय. सोबत उलटी, आखडलेली मान, पडलेली पापणी. यातलं एक जरी दिसलं, तरी घरी थांबायचं नसतं. मेंदूतली रक्ताची नळी फुगलेली असू शकते. मी चिठ्ठी देते. नगरला न्या. उद्या नाही, आत्ता."

गावात जीप एकच, मोहनरावांची. ते छावणीतच होते. गहिनीनाथ तिला घेऊन तिथं गेला, तेव्हा त्यांनी लगेच ड्रायव्हरला हाक मारली, तिला जीपमध्ये बसवलं. मग गहिनीनाथला बाजूला घेतलं.

"गाडी तुझीच समज. पण बोअर आटायला लागलाय, गहिनी. वहिनींनी जाता जाता एकदा खालच्या अंगानं चक्कर मारली तर..."

"न्हाई."

"सहाशे जनावरं हायेत बे."

"न्हाई म्हंजे न्हाई, चेअरमन."

तेवढ्यात जीपचं दार वाजलं. सत्यभामा स्वतःच खाली उतरली होती. टँकर दोन दिवस आला नव्हता. दावणीची जनावरं हंबरायचीही थांबली होती, नुसती तोंडं वर करून उभी होती.

"मला ऐकू येतंय त्यांचं," ती म्हणाली, आणि चपला काढून माळावर चालू लागली.

शंभरेक पावलांवर एका वेड्या बाभळीपाशी ती गुडघ्यांवर आली. तिनं बोटानं जमीन दाखवली. गहिनीनाथनं तिला उचलून जीपमध्ये घातलं आणि परत येऊन मोहनरावांचा हात धरला.

"आमी दवाखान्यात पोचस्तोवर इथं मशीन लावू नका. शपथ घ्या."

असली शपथ घालताना त्याला लाज वाटली नाही.

"पोचलास की फोन कर. मंगच लावतो," मोहनराव म्हणाले.

कडा गेलं, धानोरं मागं पडलं. सत्यभामेचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. रस्त्याला खड्डा आला की तो दोन्ही हातांनी ते तोलून धरी. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती, पण इतका वेळ तिचं डोकं त्याच्या मांडीवर कधी राहिलं नव्हतं.

"दुखतंय?"

"न्हाई. ते निजलंय आता."

तिचा श्वास संथ चालला होता. त्यानं काचेतून मैलाचा दगड बघितला. नगर बावीस. अर्धा तास, फार तर. त्यानं मनातल्या मनात हिशेब केला आणि पहिल्यांदाच त्याला वाटलं, आपण वेळेत पोचतोय.

तिचं अंग एकदम ताठ झालं.

दोन्ही डोळे उघडले, पडलेल्या पापणीचासुद्धा. ती त्याच्याकडे बघून स्पष्ट म्हणाली, "लागलं."

ठेच लागल्यावर म्हणतात तसं म्हणाली, की विहिरीला पाणी लागल्यावर म्हणतात तसं, हे त्याला आजही सांगता येत नाही.

त्याच्या खिशातला फोन वाजत होता. त्यानं का उचलला, कोण जाणे. पलीकडं माणसांचा गलका होता, आणि त्यात मोहनरावांचा आवाज.

"गहिनी, लागलं बे! बक्कळ लागलं!"

नगरच्या डॉक्टरांनी रक्ताची नळी फुटल्याचं सांगितलं. "दहा-अकरा दिवस आधी आणलं असतं तर..." एवढं बोलून ते थांबले.

मोहनराव मातीला आले, ओक्साबोक्शी रडले. "जनावरं बघवंनात रे," एवढंच म्हणाले. गहिनीनाथला त्यांच्यावर धड रागावता आलं नाही. शपथ त्यांनी मोडली होती, पण त्याआधीचे अकरा दिवस कुणी अडवलं होतं? कुठलंच मशीन मधे उभं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी राख सावडून झाल्यावर तो छावणीत गेला. म्हशीनं दोन दिवस धार दिली नव्हती. बाभळीपाशी लोक जमले होते. मोटर अजून बसवली नव्हती, विजेची तारही तिथवर आली नव्हती. तरी लोखंडी पाइपातून पाणी आपोआप वर येत होतं आणि चर धरून हौदाकडं जात होतं. जनावरं पीत होती. सगळ्यांनी त्याला वाट करून दिली.

त्यानं पाइपाच्या तोंडावर तळहात ठेवला. पाणी कोमट होतं, अंगाएवढं. आणि ते सलग येत नव्हतं. नाडीसारखी एक उसळी यायची, मग थांबायचं, मग दुसरी उसळी.

छबुबाई घागर घेऊन उभी होती. ती त्याच्याकडं न बघता हळूच म्हणाली, "पयल्या दिवशी घागर लावायला उसंत मिळत नव्हती, भावजी. आता मधी लई थांबतंय."

त्यानं हात काढला नाही. डोळे मिटून तो दोन उसळ्यांमधलं अंतर मोजायला लागला. पहिल्यांदा तीनपर्यंत मोजून झालं. मग चार. मग बराच वेळ तो मोजतच राहिला.