समाजमंदिराच्या पायरीवर

"अहो, असे दारात काय उभे? आत या. बायकोची कंबर कशी चोळायची ते शिकून घ्या!"

अनुजशी माझं हे पहिलं बोलणं. तेही भरल्या समाजमंदिरात, गोलात बसलेल्या पोटुश्या बायकांसमोर. तो रखमाला छत्रीतून पोचवायला आला होता... स्वतः निम्मा भिजलेला, केस कपाळाला चिकटलेले. आपण भिजून दुसरीवर छत्री धरतोय म्हणजे हा नवराच, असं मी ठरवून टाकलं. मग रखमा पोट धरून हसत सुटली.

"ओ मॅडम, दीर हाय तो माजा! नवरा जहाजावर हाय!"

अनुज कानापर्यंत लाल झाला आणि बाहेर पळाला. लाज मलाही वाटली, पण खरं सांगू? त्याच्याही आधी मला बरं वाटलं. का, ते मी स्वतःला विचारलं नाही.

मी रिद्धी. शिकलेली सुईण. तारापूरच्या पुढे मच्छीमारांच्या वस्तीत आमच्या संस्थेने गरोदर बायकांचा गट सुरू केला होता. एकेकीला घाईघाईत तपासून घरी पाठवण्याऐवजी सगळ्यांनी एकत्र बसायचं, एकमेकींचं बीपी बघायचं आणि मनातलं बोलायचं. त्या बोलण्यापाशीच तर घोडं अडलं होतं! मी माकुणसारची, बागायतदाराच्या घरातली. मी काही विचारलं की उत्तर 'हाय' नाहीतर 'नाय'. पाणी प्यायला बाहेर गेले की आत हशा, गलका... आणि मी परत आले की सगळ्या चिडीचूप. माझ्या हाताखाली त्याच वस्तीतली शकू होती, नुकतीच नर्सिंग करून आलेली. तिच्यापाशी मात्र त्या नवऱ्याच्या घोरण्यापासून सासूपर्यंत सगळं ओकायच्या.

मग मी एक केलं. तपासणी उरकली की गट शकूवर सोपवून मी पायरीवर येऊ लागले. तिथे वळचणीखाली अनुज मांडीवर जाळं घेऊन दुरुस्त करत बसलेला असायचा.

"तुमाला पन हाकलला?" त्याने विचारलं.

"हाकललं नाही. मी माझी आले."

"आमी पन लोकांना असाच सांगतो."

मी हसले. किती दिवसांनी हसले, कोण जाणे. पालघरला कोळगावच्या रस्त्यावर माझी एक भाड्याची खोली. बोलायला कुकर. माकुणसारला भावाचं घर आहे, पण आई गेल्यापासून तिथे मला पाहुण्यासारखा कपबशीतून चहा मिळतो. आठवड्यातून एकदा ती ओली पायरी आणि तिच्यावर बसलेला हा माणूस, एवढीच माझी हक्काची गप्पागोष्टींची जागा झाली.

त्याने मला जाळ्याची गाठ शिकवली.

"जोरात वडा. मासा धरायचा हाय, पेशंट नाय."

"असं?"

"असं नाय..." त्याने माझ्या बोटांवर बोटं ठेवली. गाठ केव्हाच बसली होती. बोटं मात्र तशीच राहिली... पागोळ्या गळत होत्या आणि आम्ही दोघं फार मन लावून जाळ्याकडे बघत होतो.

तेवढ्यात शकू धावत बाहेर आली. "मॅडम, रखमावहिनीचं डोकं दुखतंय कालपासून. डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणते!"

थोड्या वेळापूर्वीच मी रखमाला विचारलं होतं, काही त्रास? 'नाय' म्हणाली होती. बीपी पुन्हा मोजलं, फारच चढलेलं. अनुजने शेजारच्या मेहुलची गाडी आणली, आम्ही पालघरचं हॉस्पिटल गाठलं. रखमाला मुलगी झाली. दोघी वाचल्या.

नंतर तिच्या खाटेशी बसून मी विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

तिने माझा हात हातात घेतला. "तुमच्याशी बोलाचा तर आधी शब्द जुळवाला लागतात, बाय. शकू आपली हाय."

मायेनेच म्हणाली. तरी लागायचं ते लागलं.

दुसऱ्या दिवशी मी संस्थेत सांगून आले, हा गट शकूला द्या. मला वाटलं, कुणीतरी 'थांबा' म्हणेल. लगेच हो म्हणाले. मला बोईसरला, कामगारांच्या चाळीत नवा गट. तिथल्या बायका हिंदी बोलणाऱ्या. तिथलीच एखादी शकू तयार होईपर्यंत मी तिथेही परकीच राहणार होते. पण खरं दुःख त्याचं नव्हतं. गट सुटला की पायरी सुटणार, आणि पायरी सुटली की अनुज. रखमा बाळंत झाल्यावर त्याला तरी इथे यायचं काय कारण होतं?

शेवटच्या दिवशी आत शकूचा आवाज खणखणीत लागला होता. मी पायरीवर एकटीच होते. पाऊस पडत होता, आणि मला मनसोक्त रडावंसं वाटत होतं.

"सरका जरा."

मी दचकले. अनुज!

"तुम्ही? आता आत तुमचं कोणी नाही."

"आत नाय..." तो अडखळला. "पन बाहेर हाय."

मी सरकून त्याला जागा करून दिली.

"गट तुमीच सोडलात. शकू बोलली. सोडायच्या आधी एकदा विचारायचा तरी, इथं तुमची कोनाला गरज हाय का."

"कोणाला आहे?"

"मला."

इतकं साधं! मी त्याच्याकडे बघतच राहिले. त्यानेही या वेळी नजर चुकवली नाही.

"मलाही," मी म्हणाले. "फार."

"पावसाळ्याची मच्छीबंदी उठली. उद्या बोट निघते," तो हळूच म्हणाला. "परत येतो तवा किनाऱ्यावर सगळ्यांच्या घरचा मानूस उभा असतो. आई होती तवर ती यायची. आता मी उतरतो आनि गुपचूप घरला जातो... तू येशील?"

तू. पहिल्यांदाच.

"मला मासळीची पाटी उचलता येत नाही, अनुज."

"उभी राह्यला येतं ना?"

"येतं. पण तुझी बोट दिसली की मी सगळ्यांसमोर रडेन. हसायचं नाही."

"नाय हसनार," तो म्हणाला, आणि हसायलाच लागला.